फेरी पलीकडे लागते, पण पुढे रस्ता आहे का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोप्यावर आठवडाभर वर्दळ असते. डिचोलीच्या बाजूला उच्च माध्यमिकमध्ये मी बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे निवृत्त झालो तरी लोक गुणपत्रिका घेऊन येतात. यंदा पहिल्या आल्या त्या शेजारच्या वहिनी. मुलाला ६१ टक्के. हातात तीन कागद: अकरावीचा अर्ज, आयटीआयचं माहितीपत्रक, आणि एका खासगी संस्थेची गुळगुळीत पुस्तिका, जिच्यावर ‘१०० टक्के नोकरीची हमी’ असं ठळक छापलेलं.

कागदांपेक्षा त्यांना छळत होता तो बहिणीचा फोन. बहीण न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा तिथे ‘कम्युनिटी कॉलेज’ला जातो. दोन वर्षं स्वस्तात शिकायचं, मग हवं तर मोठ्या विद्यापीठात जायचं, नाहीतर हातात कला घेऊन कामाला लागायचं. “सर, असं काहीतरी आपल्याकडे का नाही? आणि असेल तर ते या तीन कागदांतलं कुठलं?”

प्रश्न चांगला होता. चहा दोनदा झाला तरी उत्तर संपेना, म्हणून ते इथे लिहून काढतो आहे.

अमेरिकेतलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय

नावातली ‘कम्युनिटी’ म्हणजे आसपासचा मुलूख. आपल्या तालुक्यासारखा भाग, तिथल्या लोकांसाठी काढलेलं कॉलेज. यातलं सगळ्यात जुनं सरकारी कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ मध्ये सुरू झालं, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. आज अमेरिकेत अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. बारावी झालेला बहुतेक कोणीही तिथे नाव घालू शकतो. वय विचारत नाहीत. दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला येणारी चाळिशीची बाईही तिथे भेटते.

आत गेलं की दोन वाटा. एक पुस्तकी: चार वर्षांच्या पदवीतली पहिली दोन वर्षं इथेच करायची आणि उरलेली दोन विद्यापीठात. दुसरी व्यवसायाची: वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती, नर्सिंग, हिशेब ठेवणं, स्वयंपाक. दोन्हीकडची मुलं एकाच कँटीनमध्ये चहा पितात आणि एका वाटेवरून दुसरीकडे यायचं तर गाव बदलावं लागत नाही.

बहिणीने फोनवर सांगितलं नसेल असं एक मात्र आहे. दोन वर्षांनंतर मिळणाऱ्या त्या छोट्या पदवीचेही प्रकार असतात. विद्यापीठात पुढे जाण्यासाठी बनवलेली पदवी वेगळी आणि थेट कामाला लावणारी ‘अप्लाइड सायन्स’ची वेगळी. कागद दिसायला सारखेच, वर्षंही तेवढीच. पण दुसरा कागद घेऊन विद्यापीठाच्या दारात गेलं तर पुष्कळदा अर्ध्याअधिक विषयांना तिथे मोल मिळत नाही, आणि ते विषय पुन्हा शिकावे लागतात. तिथेही मुलं फसतात, त्यांचीही वर्षं जातात.

चोडणची फेरी आणि दिवाडीची फेरी

हा फरक वहिनींना मी फेरीबोटीवरून समजावला. रायबंदरहून चोडणला फेरी जाते. चोडणला उतरलात की पुढे रस्ता आहे, मयेवरून डिचोली गाठता येते. दिवाडीलाही फेरी जाते, पण त्या बेटाला पूल नाही. तिथून आणखी कुठे जायचं तर पुन्हा फेरीचीच वाट बघायची. दोन्ही फेऱ्या सारख्याच दिसतात, सारख्याच आवाज करतात. ज्याला दिवाडीलाच जायचं आहे त्याला दिवाडीची फेरी उत्तम. फसतो तो, जो डिचोलीला जायचं मनात धरून दिवाडीच्या फेरीत चढतो.

अभ्यासक्रमांचं तसंच आहे. ‘पुस्तकी चांगलं की व्यवसायाचं चांगलं’ हा वाद मी आयुष्यभर ऐकला, त्यातून कोणाचंच भलं झालेलं पाहिलं नाही. विचारायचं ते एवढंच: हा कागद हातात आला की तो घेऊन पुढे कुठे कुठे जाता येतं?

भारतात ही कल्पना आली ती कशी

पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये देशातलं पहिलं कम्युनिटी कॉलेज काढलं. पुढे २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने चालू कॉलेजांतच असे कौशल्याचे वर्ग काढण्याची योजना आणली. २०१४ मध्ये तिची मोठी बहीण आली, बी.व्होक. म्हणजे बॅचलर ऑफ व्होकेशन. गोव्यातल्या काही कॉलेजांतही बी.व्होक. चालतं.

बी.व्होक.ची रचना गंमतशीर आहे. एक वर्ष केलं तर डिप्लोमा, दोन केली तर ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तिन्ही केली तर पूर्ण पदवी. अभ्यासाचा साधारण ६० टक्के भाग हातच्या कामाचा आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचा. ही पदवी यूजीसीची मान्यता असलेली पदवीच आहे, त्यामुळे ज्या स्पर्धा परीक्षेला ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ चालतो तिथे बी.व्होक.वालाही बसू शकतो. ठरावीक विषयातल्या एम.ए.-एम.एस्सी.ला मात्र त्या त्या विभागाची अट वाचल्याशिवाय जाऊ नये.

तरीही आपल्याकडे ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळला नाही. आपल्याकडे त्या एका छपराचे तुकडे चार ठिकाणी विखुरलेले आहेत.

गोव्यातल्या चार खिडक्या

अकरावी-बारावी शिक्षण खात्याकडे आणि पर्वरीच्या गोवा बोर्डाकडे. आयटीआय कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालयाकडे, ते पणजीत पाट्टोवर. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तंत्रशिक्षण संचालनालयाकडे, पुन्हा पर्वरीला. आणि बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.व्होक. उच्च शिक्षण संचालनालय आणि गोवा विद्यापीठ यांच्याकडे.

प्रत्येक खिडकीतला माणूस आपल्या खिडकीपुरतं बरोबर सांगतो. शेजारच्या खिडकीत काय आहे आणि तिथून इकडे कसं येता येतं, हे सांगणं त्याचं काम नाही. न्यू जर्सीच्या मुलाला जे समुपदेशक एका टेबलावर सांगतो, ते आपल्या वहिनींना पर्वरी-पाट्टो फिरून जुळवावं लागतं. साधनं आपल्याकडेही आहेत. त्यांना जोडणाऱ्या वाटा कुणी दाखवत नाही, ही खरी अडचण.

तर या खिडक्या एकेक करून पाहू.

आयटीआय: ट्रेड, परीक्षा आणि त्यापुढे

आयटीआय म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था. सरकारी आयटीआय पणजी, म्हापसा, डिचोली, पेडणे, होंडा, फर्मागुडी, वास्को, मडगाव, काकोडा, काणकोण अशा सर्व बाजूंना आहेत. तिथे शिकवल्या जाणाऱ्या धंद्याला ‘ट्रेड’ म्हणतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटर मेकॅनिक, फ्रिज-एसीचा तंत्रज्ञ हे दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर, कॉम्प्युटर ऑपरेटर, फूड प्रॉडक्शन हे एका वर्षाचे. परीक्षा देशभर एकच आणि पास झालं की राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र मिळतं. ते पेडण्यात मिळालं तरी पुण्यात आणि चेन्नईत तेवढंच चालतं.

यानंतरची पायरी लोक विसरतात, ती म्हणजे ॲप्रेंटिसशिप. खऱ्या कारखान्यात, खऱ्या यंत्रावर, विद्यावेतन घेऊन शिकायचं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५००० ते ९००० रुपये ठरवलं, आणि २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवार परिषदेने ते ३६ टक्के वाढवण्याची शिफारस केली. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतले औषध कारखाने, वास्कोचं गोवा शिपयार्ड, मोठी हॉटेलं, अशा ठिकाणांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

आता पुढचा रस्ता. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला जुळत्या शाखेच्या डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तंत्रशिक्षणवाले याला ‘लॅटरल एन्ट्री’ म्हणतात. मी बाजूचं दार म्हणतो. या दारातून जाणाऱ्या जागा मोजक्या असतात आणि गुणांवर मिळतात, तेव्हा ‘आयटीआय आहे, पास झालं की पुरे’ अशा भ्रमात राहू नये. ज्याला बारावीची बरोबरी हवी आहे त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून भाषेचा आणि जोडीचा ठरावीक विषय देऊन ती मिळवण्याची सोय आहे.

एका वर्षाच्या ट्रेडला हे डिप्लोमाचं दार सहसा उघडत नाही. वेल्डरचं काम उत्तम, कमाई उत्तम, पण पुढे इंजिनिअर व्हायचा विचार मनात असेल तर दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. चोडण आणि दिवाडीचा फरक नेमका इथे दिसतो.

डिप्लोमा: वर्षांचा हिशेब करून बघा

पणजीला आल्तिन्होवर, डिचोलीच्या बाजूला मयेत आणि कुडचड्याजवळ काकोड्याला सरकारी पॉलिटेक्निक आहेत. वेर्ण्याचं आग्नेल पॉलिटेक्निक खासगी. दहावीनंतर तीन वर्षं. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कॉम्प्युटर अशा शाखा.

वहिनींना वाटत होतं की डिप्लोमा केला की वर्षं वाया जातात. मी पेन्सिल काढली. दहावीनंतर अकरावी-बारावी दोन वर्षं आणि इंजिनिअरिंग चार वर्षं, एकूण सहा. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षं, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे आणखी तीन. तेही सहाच. आयटीआयवरून गेलं तर दोन, मग डिप्लोमाची उरलेली दोन, मग इंजिनिअरिंगची तीन, एकूण सात. एक वर्ष जास्त, पण वाटेत हातात तीन कागद आणि कुठल्याही थांब्यावर उतरून कमवायची सोय.

कागदावर हिशेब इतका सुंदर जुळतो, म्हणून त्यातली खोच सांगायलाच हवी. बाजूच्या दाराने आत आलेली मुलं गणितात अडखळतात. ज्यांनी अकरावी-बारावी सायन्स केलं त्यांनी कॅल्क्युलस दोन वर्षं चावून खाल्लेलं असतं. आयटीआयवाल्याचा हात मोटरवर बसलेला असतो, पण वर्गात इंटिग्रेशन आलं की तो मागच्या बाकावर सरकतो. माझा एक नातेवाईक मुलगा याच वाटेने गेला. पहिल्या सत्रात गणितात गटांगळ्या खाल्ल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत अकरावीचं पुस्तक घेऊन बसला आणि पोहून निघाला. ज्याला ही वाट धरायची आहे त्याने ते पुस्तक आधीच्या सुट्टीत उघडावं.

अकरावी-बारावी आणि तिची चौथी शाखा

आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळ्यांना पाठ. गोवा बोर्डाची चौथी शाखाही आहे, व्होकेशनल. बारावीच्या निकालाच्या बातमीत तिची टक्केवारी शेवटच्या ओळीत येते आणि वाचणारा तिथपर्यंत पोचत नाही. ही बारावीच असते, त्यामुळे पदवीचा रस्ता बंद होत नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं बाजूचं दारही, विषय जुळत असल्यास, या मुलांना खुलं असतं. कुठल्या उच्च माध्यमिकमध्ये कुठला व्यवसाय-विषय आहे हे मात्र शाळा-शाळांवर बदलतं. विषय पाहावा, नुसतं जवळ आहे म्हणून घेऊ नये.

क्रेडिट: शिक्षणाचं पासबुक

आता ज्या शब्दाने सगळ्यांची डोकी फिरली आहेत तो शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर कॉलेजात सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याचा हिशेब साधा आहे: ३० तास शिकलात की एक क्रेडिट. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. यात वर्गातला तास मोजतात तसा वर्कशॉपमधलाही मोजतात, ॲप्रेंटिसशिपचाही मोजता येतो. आजवर पुस्तकाचा तास पैशात मोजायचे आणि हाताच्या कामाचा तास नारळात. आता दोन्ही एकाच नाण्यात मोजायचं ठरलं आहे.

हे क्रेडिट जमा होतात ते ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये. मुलाचा बारा आकडी ‘अपार’ क्रमांक हा त्या पासबुकाचा खाते क्रमांक समजा. सोसायटीच्या बँकेत पैसे टाकावे तसे क्रेडिट टाकायचे, पुढे दुसऱ्या संस्थेत गेलं की काढून वापरायचे.

पदवीची उतरंडही याच हिशेबाने बसवली आहे. एका वर्षाला ४० क्रेडिट आणि सर्टिफिकेट, दोन वर्षांना ८० आणि डिप्लोमा, तीन वर्षांना १२० आणि पदवी, चौथं वर्ष केलं तर १६० आणि ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला यूजीसीच्या चौकटीप्रमाणे सुट्टीत चार क्रेडिटचा एक व्यवसाय-विषयही करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत यायची मुभा आहे आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची. बापाचं आजारपण किंवा घरातली अडचण, यांमुळे मध्येच शिक्षण सोडलेली किती मुलं मी पाहिली. त्यांच्या हाती काहीच राहत नसे. त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे.

पण पासबुकात पैसे आहेत म्हणून दुकानदाराने माल द्यायलाच हवा, असं नसतं. तुमचे क्रेडिट मान्य करायचे की नाहीत, आणि कुठल्या विषयाच्या बदल्यात, हे तुम्हाला घेणारी संस्था ठरवते. न्यू जर्सीत जी खोच आहे तीच इथे.

याच आराखड्यात पातळ्याही आहेत, इमारतीच्या मजल्यांसारख्या. दहावी तिसऱ्या मजल्यावर, बारावी चौथ्या, तीन वर्षांची पदवी साडेपाचाव्या, पीएच.डी. आठव्या, म्हणजे सगळ्यात वर. इलेक्ट्रिशियनसारखा दोन वर्षांचा ट्रेडही चौथ्या मजल्यावर आहे, बारावीच्या शेजारी. आयटीआयला ‘शाळा सोडल्यासारखं’ म्हणणाऱ्या आमच्या गावातल्या मंडळींना हे मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी ते मान हलवतात आणि दरवर्षी विसरतात.

जिथे परवाना लागतो तिथे नियम वेगळा

काही धंद्यांना नुसतं शिकणं पुरत नाही, काम करायला परवाना किंवा नोंदणी लागते. फार्मासिस्टला फार्मसी कौन्सिलची, नर्सला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. गोव्यात घरटी एक तरी तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, सापडेल, त्याला विचारा: जहाजावर जायला जहाजवाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतलंच प्रशिक्षण लागतं आणि सीडीसीशिवाय, म्हणजे खलाशाच्या नोंदणीपुस्तिकेशिवाय, पाऊल टाकता येत नाही. अशा ठिकाणी संस्थेची इमारत किती मोठी, एसी किती गार, याला शून्य किंमत. परवाना देणारं कार्यालय त्या संस्थेला ओळखतं का, एवढंच पाहायचं.

‘नर्सिंग असिस्टंट’ नावाचा सहा महिन्यांचा कोर्स करून नर्स होता येत नाही. मदतनीस होता येतं. तेही मानाचं काम आहे. मात्र नर्स व्हायचं म्हणून पैसे भरलेल्या मुलीला हे सहा महिन्यांनी कळावं, यासारखी दुसरी फसवणूक नाही. अशी एक मुलगी माझ्याच सोप्यावर रडलेली आहे.

हॉटेलच्या बाबतीत परवान्याचा प्रश्न नसला तरी उंचीचा आहे. आयटीआयचा फूड प्रॉडक्शन एका वर्षात किचनमध्ये नेऊन उभं करतो. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची तीन वर्षांची पदवी बारावीनंतर, राष्ट्रीय प्रवेश परीक्षा देऊन. दोन्हीकडची मुलं कांदोळीच्या एकाच हॉटेलात कांदा चिरताना दिसतील. दहा वर्षांनी कोण कुठे असेल ते बरंचसं माणसावर, पण थोडं कागदावरही.

‘१०० टक्के नोकरी’वाल्या पुस्तिकेचं काय

वहिनींनी ती पुस्तिका तीनदा पुढे सरकवली, मी तीनदा बाजूला ठेवली. खासगी म्हणजे वाईट असं मुळीच नाही. पण हमी देणाऱ्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. प्रमाणपत्रावर कोणाचं नाव असेल, संस्थेचं स्वतःचं की परीक्षा घेणाऱ्या मान्यताप्राप्त मंडळाचं? कौशल्याच्या कोर्सना मान्यता देण्यासाठी केंद्राने राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद नेमली आहे. तिच्या राष्ट्रीय नोंदवहीत हा कोर्स आहे का, आणि कितव्या मजल्यावर? आणि हा कागद घेऊन गेलेला एखादा विद्यार्थी पुढे कुठे दाखल झाला आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण भिंतीवरचे फोटो दाखवतात. फोटो चालणार नाही म्हणावं, फोन नंबर द्या.

“पण सर, आयटीआय म्हणजे नापासांची जागा ना?”

हे वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, मुलगा आत पंख्याखाली बसला होता म्हणून. खोटं कशाला बोलू, आपणच ती तशी करून ठेवली आहे. कमी गुण मिळाले की शिक्षकच म्हणतात, ‘जा आयटीआयला’. मीही म्हटलेलं आहे, आता लाज वाटते. पण इलेक्ट्रिशियन, मोटर मेकॅनिक असे ट्रेड आधी भरतात आणि चांगल्या गुणांवर भरतात. उशिरा गेलात तर नको असलेला ट्रेड हाती येतो, मग मुलगा कंटाळतो आणि ‘बघा, आयटीआयत काही नाही’ असं म्हणायला गाव मोकळं.

मे महिन्यात एसी बंद पडला की मेकॅनिकला चार फोन करावे लागतात, पाचव्याला तो ‘उद्या येतो’ म्हणतो. खाऱ्या हवेत इथली यंत्रं लवकर गंजतात, समुद्रकिनारी हॉटेलं वाढतच आहेत, मोपाचा विमानतळ २०२३ पासून चालू आहे. हे काम कुठे जाणार आहे?

“पगार कमी नाही का?”

सुरुवातीला कमी असतो. कंत्राटदारामार्फत लागलं तर वर्षानुवर्षं कमीच राहू शकतो. ॲप्रेंटिसशिप आणि कंत्राटी हेल्परची नोकरी यांत मुलं गल्लत करतात. पहिलीचा करार नोंदवलेला असतो, ती संपल्यावर परीक्षा आणि प्रमाणपत्र असतं. दुसरीच्या शेवटी अनुभवाचं पत्रही कधी मिळतं, कधी नाही. गेटवर कोणी ‘ट्रेनी’ म्हणून घेतलं तर कोणता ट्रेनी, एवढं विचारावं. आणि साध्या पदवीधराचा सुरुवातीचा पगार किती असतो, तेही शेजारच्या एखाद्या बी.कॉम. मुलाला विचारून यावं, म्हणजे तुलना खरी होईल.

“सरकारी नोकरीला डिग्री लागते”

काही पदांना लागते. काहींना बारावी लागते, आणि तंत्राच्या पदांच्या जाहिरातीत ट्रेडचं नावच लिहिलेलं असतं. तिथे बी.ए.वाला अर्जही करू शकत नाही. शिवाय कामाला लागल्यावर पदवीचा रस्ता बंद होत नाही. बारावी किंवा तिची बरोबरी झाली की इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी करता येते, आणि २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायलाही, वेळा एकमेकांवर येत नसतील तर, मुभा दिली आहे.

“पंधरा वर्षांच्या मुलाला काय कळतं?”

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, कारण आक्षेप बरोबर आहे. न्यू जर्सीच्या मुलाला हा प्रश्न अठराव्या वर्षी, बारावी झाल्यावर पडला. आपण तो पंधराव्या वर्षी विचारतो, आणि तोही आठ दिवसांत. म्हणून तर पुढे रस्ता असलेला कागद घ्यायचा. चुकलं तरी वळता येतं. मुलगा ठाम असेल, त्याला वेल्डिंगच करायचं असेल, तर एका वर्षाचा ट्रेड घेऊ दे. ठाम नसेल तर दोन वर्षांचा ट्रेड, डिप्लोमा किंवा बारावी, जिथून दोन-तीन तरी वाटा फुटतात.

ज्यांचं शिकून झालंय, पण कागद नाही

जाता जाता वहिनींनी आपल्या दिराचा विषय काढला. तो पोदेर, वीस वर्षं भट्टीवर. पाव त्याच्यासारखा पंचक्रोशीत कोणी करत नाही, पण परदेशातल्या बेकरीचा अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्यात लिहायला सातवीशिवाय काही नाही. अशांसाठी ‘आरपीएल’ आहे, म्हणजे आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणं. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत ते करतात. शिकवायचं थोडंसंच असतं, मुख्य तपासणी असते ती येणाऱ्या कामाची. त्या प्रमाणपत्राने तो इंजिनिअर होणार नाही, पण रकाना रिकामा राहणार नाही. आयटीआयलाही वयाची खालची अट आहे, १४ वर्षं पूर्ण. वरच्या वयाच्या बाबतीत तिथे शाळेसारखा जाच नाही. त्यामुळे चाळिशीच्या माणसाने संस्थेत जाऊन चौकशी करायला लाजू नये.

वहिनींच्या मुलाला शेवटी मी आतून बोलावलं. विचारलं, घरातलं काय काय दुरुस्त केलंस आजपर्यंत? त्याने पंख्याचा कॅपॅसिटर, विहिरीच्या पंपाचा स्टार्टर आणि देवळातल्या जत्रेच्या दिव्यांची माळ सांगितली. माळेबद्दल बोलताना पहिल्यांदा वर बघून बोलला. डिप्लोमाचं माहितीपत्रक त्या तीन कागदांत नव्हतंच. ते पाहायला दुसऱ्या दिवशी मायलेक मयेला गेली, तिथून परतताना आयटीआयचाही अर्ज भरून आली. डिप्लोमाच्या इलेक्ट्रिकलला नंबर लागला तर तो, नाही लागला तर इलेक्ट्रिशियन ट्रेड, आणि अकरावीचा अर्ज कपाटात. पहिली यादी लागायची आहे अजून.